जुना लेथ घरी आणताना

जुन्या लेथच्या शोधात असलेल्या माणसाला बेंगळुरूइतकं सोयीचं शहर दक्षिणेत क्वचितच मिळेल. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने जलहळ्ळीत हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजे आपली एचएमटी, उभी राहिली. त्याच्या बारा वर्षं आधी, १९४१ मध्ये, हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली होती. किर्लोस्करवाडीत रुजलेलं लोखंडकाम तिथून तुंगभद्रेकाठी पोचलं. १९४६ मध्ये रवी किर्लोस्करांनी बेंगळुरूत विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. या सगळ्यांची यंत्रं पुढची कित्येक दशकं पीण्या औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यांमध्ये, आयटीआयच्या वर्कशॉपांत आणि सरकारी कारखान्यांत अखंड चालत राहिली.

आता त्या गाळ्यांमध्ये सीएनसी आले आहेत. संगणकाच्या आज्ञेवर चालणारं हे यंत्र एकदा बसलं की हाताने चालवायचा लेथ कोपऱ्यात जातो आणि पुढे कधीतरी वजनाच्या भावाने भंगारात निघतो. चाळीस-पन्नास वर्षांचं वय झालेल्या त्या यंत्राच्या ओतीव लोखंडात मात्र बहुतेक वेळा अजून एक अख्खं आयुष्य शिल्लक असतं. घरी छोटं वर्कशॉप करायची इच्छा असेल तर हे यंत्र आपल्याला परवडेल आणि नव्या हलक्या लेथपेक्षा जास्त भक्कम कामही देईल. पण ते आणायची एक रीत आहे. क्रम चुकला की यंत्र, पैसा किंवा पायाचा अंगठा, यांपैकी काहीतरी जातं.

आधी ओळख करून घेऊ. लेथवर ज्या वस्तूवर काम करायचं ती, म्हणजे जॉब, फिरते आणि कापणारं हत्यार तिच्या कडेने सरकतं. डाव्या हाताला हेडस्टॉक असतो. ही गिअरांची पेटी. तिच्यातून बाहेर येणाऱ्या पोकळ फिरत्या दांड्याला स्पिंडल म्हणतात आणि त्याच्या तोंडावर जॉब पकडणारा चक बसतो. उजवीकडे आधार देणारा टेलस्टॉक. या दोघांना जोडणारे लांब ओतीव रूळ म्हणजे बेड, आणि बेडवरून हत्यार घेऊन सरकतो तो कॅरेज. एवढी नावं लक्षात राहिली तरी पुढचं सगळं समजेल.

पहिलं काम घरातच करायचं आहे, आणि ते जागा ठरवण्याचं. चार-साडेचार फुटी बेडचा हलका लेथ पाचशे ते आठशे किलोंचा असतो. एचएमटीचा एच-२२ किंवा एनएच-२२ दोन टनांच्या घरात जातो. (यातला २२ म्हणजे बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची, २२ सेंटिमीटर.) राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरून बांधलेला असतो. दोन टनांचा लेथ जेमतेम अडीच चौरस मीटर जागा व्यापतो. म्हणजे भार चौपट झाला. त्यामुळे पहिल्या मजल्याचा, गच्चीचा किंवा स्टिल्ट पार्किंगच्या वरच्या खोलीचा विचार मनातून काढून टाका. लेथ जमिनीवरच हवा, आणि टाइल्सवर नाही, सहा इंची काँक्रीटवर हवा.

जागा मोजताना यंत्राची लांबी-रुंदी धरून भागत नाही. हेडस्टॉकच्या डाव्या टोकाला गिअरांचं झाकण उघडायला आणि स्पिंडलमधून लांब सळई आरपार घालायला जागा लागते. मागे दोन फूट मोकळे नसतील तर खाली पडणारी बुरी काढता येत नाही, मोटारीपर्यंत हातही पोचत नाही. बेंगळुरूच्या तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हे जमवायचं म्हणजे बहुतेकदा गाडीची जागा द्यावी लागते. घरच्यांशी हे बोलणं आधीच झालेलं बरं.

मग शोध. पीण्यातले जुन्या मशिनांचे दलाल हा सगळ्यात सरळ रस्ता. त्यांच्या गोदामात एचएमटी, किर्लोस्कर, बटाला, राजकोट असे सगळ्या घराण्यांचे लेथ रांगेत उभे दिसतील. दुसरा रस्ता बंद होणाऱ्या गाळ्याच्या मालकाचा, आणि मला तो अधिक पसंत आहे. त्याच्याकडे यंत्र जोडलेलं आणि चालू असतं, बरोबरचे चक, गिअर, चाव्या जागेवर असतात, आणि ज्याने त्यावर वीस वर्षं काम केलं तो टर्नर भेटतो. कोणता गिअर कुरकुरतो, कोणती मूठ दाबून धरावी लागते, हे तो दोन मिनिटांत सांगतो. ही माहिती दलालाकडे नसते.

तिसरा रस्ता सरकारी लिलावाचा. सार्वजनिक कंपन्या आणि संस्था आपली निकामी यंत्रं एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात काढतात. त्यासाठी नोंदणी करावी लागते, बयाणा रक्कम भरावी लागते, आणि माल ‘जिथे आहे, जसा आहे’ या अटीवर विकला जातो. नंतर तक्रारीला जागा नाही. बोलीच्या आधी पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी न जाता बोली लावू नका. बोली जिंकल्यावर माल ठरलेल्या मुदतीत उचलावा लागतो. मुदत उलटली की जागेचं भाडं सुरू होतं, आणि क्रेनवाला मिळेपर्यंत ते चांगलंच चढतं. शिवाय अनेकदा पाच-सहा यंत्रांचा एकच गठ्ठा विकायला असतो. घरगुती माणसाला त्यातलं एकच हवं असतं, म्हणून दोघा-तिघांनी मिळून बोली लावणं सोयीचं पडतं.

आता तपासणी. लेथमध्ये मोटार बदलता येते, बेअरिंग विकत मिळतं, बुश नवं करून घेता येतं, चक दुसरा आणता येतो. बेड मात्र घरी नवा करता येत नाही. म्हणून रंग, मोटारीचा आवाज, दिवे यांकडे नंतर बघा. आधी बेड.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. कामं बहुधा आखूड असतात, त्यामुळे कॅरेज आयुष्यभर चकच्या जवळच्या फूट-दीड फुटात पुढेमागे होत राहतो आणि झीज तिथेच होते. टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ कोरा राहतो. चकपाशी बेडच्या पुढच्या रुळाच्या कडेवरून अंगठ्याचं नख आडवं ओढा. जिथे कॅरेज कधी पोचतच नाही त्या पट्टीच्या आणि झिजलेल्या भागाच्या सीमेवर एक बारीक पायरी असते. नख नुसतं घसरलं तर उत्तम. किंचित अडकलं तर चालेल. खटकन अडलं, आणि ती पायरी डोळ्यांनीही दिसत असेल, तर किंमत निम्मी समजा किंवा पुढच्या यंत्राकडे वळा.

नखाची परीक्षा झाली की दुसरी. कॅरेज चकजवळ आणा आणि त्याला जागेवर जखडणारा बोल्ट इतकाच आवळा की कॅरेज हाताने सरकेल, पण थोडा जड लागेल. मग तो टेलस्टॉकच्या दिशेने चालवत न्या. मध्येच तो घट्ट होत जाऊन अडकला तर चकजवळचा बेड खाल्लेला आहे. शेवटपर्यंत सारख्याच जडपणाने गेला तर झीज कमी आहे. या परीक्षेला एका पान्याशिवाय काही लागत नाही, आणि दलालाचं कितीही गोड बोलणं तिला बदलू शकत नाही.

त्यानंतर स्पिंडल. चकमध्ये फूटभर लांब जाड सळई पकडा. बेडवर चुंबकी पायाचं डायल गेज ठेवा. काट्याच्या घड्याळासारखं दिसणारं हे उपकरण मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं. त्याचं टोक चकच्या मागे स्पिंडलला टेकवा आणि सळई हाताने जोरात वर उचला, खाली दाबा. काटा ०.०२ मिमीपर्यंत हलला तर काळजी नको. ०.०५च्या पुढे गेला तर बेअरिंग आवळून बघावं लागेल. आवळून भागलं नाही तर नवी बेअरिंग घालावी लागतील, आणि स्पिंडलची अचूक बेअरिंगं महाग असतात. तो खर्च आधीच किमतीतून वजा करा.

हेडस्टॉकचं वरचं झाकण उघडायला सांगा. टॉर्च मारून प्रत्येक गिअर हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. दात तुटलेला असेल, किंवा दातावर पितळी रंगाचा थर चढवलेला दिसेल. तो जुन्या डागडुजीचा असतो. असाच पिवळा पट्टा बेडच्या पायात, कॅरेजच्या कोपऱ्यात किंवा हेडस्टॉकच्या बुडाशी दिसला तर ओतीव भाग कधीतरी तडकला होता आणि ब्रेझिंगने सांधला आहे हे समजा. पायातला सांधा चालून जाईल. हेडस्टॉकमधला चालणार नाही.

हातचाक फिरवताना जी रिकामी ढील लागते, तिला बॅकलॅश म्हणतात. नवखा माणूस यालाच सगळ्यात जास्त घाबरतो आणि विकणाराही कधीकधी यावरून भाव पाडून देतो. घाबरू नका. ही ढील बहुतेकदा आतल्या पितळी नटाची असते, आणि तो नट कोणताही चांगला टर्नर नवा करून देतो.

याउलट जे कोणी बघत नाही ते म्हणजे बदलायचे गिअर. आटे कापताना हेडस्टॉकच्या डाव्या टोकाला वेगवेगळ्या दातांचे गिअर लावावे लागतात. कारखान्यातून यंत्र हलताना ते हमखास मागे राहतात, एखाद्या डब्यात, कपाटाखाली, नाहीतर भंगाराच्या पोत्यात. त्यांच्याशिवाय लेथ सळई गोल करील, आटे कापणार नाही. यंत्र इंची असेल आणि आपल्याला मेट्रिक आटे हवे असतील तर १२७ दातांचा गिअर आहे का ते मुद्दाम विचारा. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. त्याची पाचपट १२७ होते, म्हणून हाच आकडा दोन मापपद्धतींना तंतोतंत जोडतो. इंची यंत्रावर मेट्रिक आटे कापताना कॅरेजची पकड मध्येच सोडायची नसते, एवढं लक्षात ठेवा. सोडली तर हत्यार पुन्हा त्याच खाचेत पडत नाही.

किंमत ठरवताना खालची मर्यादा सोपी आहे: यंत्राचं वजन गुणिले त्या आठवड्याचा ओतीव लोखंडाचा भंगारभाव. त्याच्या खाली कोणी देणार नाही, कारण भंगारवाला तेवढे देतोच. वरची मर्यादा बेडवर ठरते. जीएसटीची पावती घ्या. किंमत पन्नास हजारांच्या वर असेल तर वाहतुकीसाठी ई-वे बिल लागतं, ते विकणाऱ्याकडूनच करून घ्या. रस्त्यात गाडी अडवली की कागद नसल्याचा मनस्ताप आपल्याला होतो, विकणाऱ्याला नाही.

आता सगळ्यात धोक्याचा टप्पा, वाहतूक. लेथ दिसतो त्यापेक्षा फार वरजड असतो. हेडस्टॉकचं वजन वर आणि डावीकडे, मोटारीचं मागे. म्हणून तो जवळजवळ नेहमी मागच्या बाजूला कलंडतो. सुटला तर धरायला जाऊ नका, आणि मदतीला आलेल्या प्रत्येकाला हे आधी मोठ्याने सांगा. पडणाऱ्या यंत्राच्या वाटेतून बाजूला होणं, एवढंच माणसाच्या हातात असतं.

उचलण्याआधी कॅरेज आणि टेलस्टॉक शक्य तितके उजवीकडे नेऊन जखडा, म्हणजे तोल मध्याकडे येतो. पट्टे बेडच्या आतल्या आडव्या फासळ्यांखालून घ्या. समोरून जाणारा लांब आट्यांचा दांडा, लीडस्क्रू, आणि त्याच्या शेजारचा फीड रॉड पट्ट्याखाली येऊ देऊ नका. दांडा एकदा वाकला की सरळ करणं जवळपास अशक्य. स्पिंडलमध्ये पहार घालून तिच्यावर यंत्र उचलणारे महाभाग आजही दिसतात. तसं कोणी करायला निघालं तर तिथेच थांबवा. सगळा भार बेअरिंगवर येऊन ती गोट्यांच्या खुणांनी खराब होतात आणि मग लेथ जन्मभर घुरघुरतो.

चढवण्या-उतरवण्यासाठी हायड्रा, म्हणजे माल उचलून चालत जाणारी छोटी क्रेन, पीण्यात तासाच्या भाड्याने मिळते. गाडी निवडताना वजन बघा. टाटा एसमध्ये हलका लेथही कसाबसाच बसेल, मोठ्याला ४०७ किंवा त्याहून मोठी गाडी हवी. घराच्या गल्लीत हायड्रा वळतो का, वर विजेच्या तारा किती खाली आहेत, ते आदल्या दिवशी चालत जाऊन बघा. जुन्या वस्त्यांमध्ये यावरच सगळं अडतं. शिवाय मालाच्या मोठ्या गाड्यांना गर्दीच्या वेळी शहरात बंदी असते, म्हणून वेळ पहाटेची धरा.

फाटकापासून आत न्यायला क्रेन लागत नाही. लेथच्या पायांना दोन जाड लाकडी ओंडके बोल्टने जोडा, खाली दीड इंची पाइपांचे तुकडे घाला आणि पहारीने ढकलत न्या. मागचा पाइप सुटला की उचलून पुढे. एका वेळी एकच टोक उचला, आणि उचललेल्या टोकाखाली लगेच लाकडी ठोकळा सरकवा. हात यंत्राखाली कधीच नको. दोन टनांचं यंत्र दोन माणसं अशी सहज हलवतात. घाई केली नाही तर हा टप्पा फार समाधानाचा असतो.

यंत्र घरात आलं की लगेच वीज जोडून फिरवून बघायचा मोह होतो. तो आवरा. बंद यंत्राच्या तेलवाटा सुकलेल्या ग्रीसने आणि बुरीने तुंबलेल्या असतात. तसंच चालवलं तर पहिल्या दहा मिनिटांत बुश खरवडले जातात. आधी स्वच्छता.

प्रत्येक भाग काढण्यापूर्वी फोटो काढा. सुटे स्क्रू ज्या भागाचे, त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवा. टोकाकडे निमुळती होणारी पिन, टेपर पिन, काढताना बारीक टोकाकडूनच ठोकायची असते. उलट ठोकली की ती आणखी घट्ट बसते, मग ड्रिलने काढावी लागते. पातळ पत्र्याचे तुकडे कुठे सापडले तर फेकू नका. ते शिम, म्हणजे उंची जुळवायला मुद्दाम घातलेले असतात. स्पिंडल मात्र, बेअरिंग चांगली असतील तर, उघडूच नका.

धुवायला पूर्वी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. डिझेल चालतं. पेट्रोल अजिबात नको, त्याची वाफ भडकते. बेडवरचा गंज काढताना पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावू नका. ज्या अचूकतेसाठी हे यंत्र घेतलं तीच घासली जाते. तेल टाकून दाढीच्या पात्याने, पातं जवळजवळ आडवं धरून, हळूहळू खरवडा. गंज उठतो आणि खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. छोटे, फार गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरच्या विजेने साफ होतात. त्यात दुसऱ्या टोकाला साधा लोखंडी पत्रा लावा. स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग उतरतं. हे काम उघड्यावर करा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासून धूळ उडवू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. रंग उतरवणारं रसायन लावून ओलाच खरवडा. नवा रंग कोणता द्यायचा ही आपली हौस. यंत्राच्या कामात त्याने काही फरक पडत नाही.

तेलाच्या बाबतीत मात्र हौस नको. घसरणाऱ्या पृष्ठांना ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल, उदाहरणार्थ इंडियन ऑइलचं सर्वोवे ६८. ते रुळाला चिकटून राहतं. हेडस्टॉकमध्ये यंत्राच्या पाटीवर लिहिलेलं तेल घाला. गाडीचं इंजिन ऑइल दोन्ही ठिकाणी टाळा. त्यातली धूळ तरंगत ठेवणारी रसायनं गाळणी असलेल्या इंजिनासाठी आहेत. इथे गाळणी नसते, म्हणून मळ तळाशी बसलेलाच बरा.

आता वीज. जुन्या लेथवर तीन फेजची, ४१५ व्होल्टची मोटार असते. बेंगळुरूतल्या बऱ्याच स्वतंत्र घरांना बेस्कॉमची तीन फेजची जोडणी असते. मीटरकडे बघा, ती असेल तर काम सोपं. नसेल तर व्हीएफडी घ्यावा लागतो. घरच्या एका फेजमधून तीन फेज बनवणारी आणि मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी ही पेटी आहे.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. एका फेजवर चालणारा साधा व्हीएफडी बाहेर २३० व्होल्टच देतो, ४१५ नाही. मोटारीची पाटी वाचा. तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या बहुतेक मोटारी ‘स्टार’ जोडणीत ४१५ व्होल्टवर चालतात. त्याच मोटारीची आतली जोडणी ‘डेल्टा’ केली की ती २३० व्होल्टवर पूर्ण ताकद देते. जोडणीची पेटी उघडल्यावर सहा टोकं दिसली तर पितळी पट्ट्या आडव्याच्या उभ्या लावून हे होतं. तीनच टोकं बाहेर असतील तर स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्ये आहे. तो बाहेर काढायला रिवाइंडिंगवाल्याकडे न्या. आणि पाटीवर ‘४१५ डेल्टा’ लिहिलेली मोठी मोटार असेल तर ती या पद्धतीने चालणार नाही, मोटारच बदला.

मोटार जोडण्याआधी तिचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने मोजून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर मोटारीत ओल आहे. झाकण उघडून दोन दिवस आत बल्ब जळता ठेवून सुकवा, पुन्हा मोजा. तीन हॉर्सपॉवरसाठी व्हीएफडी घरच्या लाइनमधून वीस अँपिअरच्या वर ओढू शकतो, म्हणून सोळा अँपिअरचा प्लग चालणार नाही. बोर्डावरून वेगळी चार चौरस मिमीची तार, वेगळा एमसीबी, आणि पक्कं अर्थिंग. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये जुना स्विच ठेवू नका. चालू असताना तो फिरवला की व्हीएफडी जळतो. जुन्या स्विचचा आणखी एक धोका आहे. काम चालू असताना वीज गेली, आपण चहाला गेलो, आणि स्विच ‘चालू’वरच राहिला, तर वीज येताच चक आपोआप फिरू लागतो. आपल्या शहरात वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज परत आल्यावर स्वतःहून सुरू न होणारा स्टार्टर किंवा व्हीएफडीमधली तशी सेटिंग, यात तडजोड नको. आणि चक आट्यांवर बसणारा असेल तर यंत्र उलटं फिरवून कापू नका आणि व्हीएफडीने झटक्यात थांबवू नका. चक स्पिंडलवरून उलगडून बाहेर येतो.

घरगुती जोडणीवर धंद्याचं काम चालत नाही, त्याचा दर वेगळा असतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर यंत्र बंद ठेवावं, शेजाऱ्यांशी संबंध त्यावरच टिकतात.

पुढचा टप्पा लेव्हलिंगचा. बरेच जण इथे गवंड्याची लेव्हल ठेवून मोकळे होतात. खरं काम बेड सपाट करण्याचं नाही, त्याचा पीळ काढण्याचं आहे. एक पाय जरा उंच असला तर एवढं जाड लोखंडही पिळतं आणि जॉब निमुळता निघतो. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी मशीन-लेव्हल उसनी मिळाली तर उत्तम. नसेल तर यंत्रालाच विचारता येतं.

इंचभर जाडीची सळई चकमध्ये धरा, सहा इंच बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. मधला भाग थोडा बारीक करा, म्हणजे दोन टोकांना दोन कडी उरतील. हत्याराची खोली न बदलता दोन्ही कड्यांवरून अगदी हलका शेवटचा हात फिरवा आणि मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. दोन्ही सारखी भरली तर बेड सरळ आहे. बाहेरचं कडं जाड निघालं तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित वर उचला, बारीक निघालं तर खाली सोडा. पायाचा बोल्ट थोडासाच फिरवायचा, पुन्हा हात, पुन्हा माप. यात एखादी दुपार जाते. ती दुपार वाचवू नका.

बेड फारच खाल्लेला निघाला, तर पीण्यात बेड ग्राइंड करून देणारे आहेत. ग्राइंडिंगनंतर कॅरेज खाली बसतो आणि लीडस्क्रूच्या रेषेतून सुटतो, म्हणून त्याखाली टर्साइट नावाची घसरणारी प्लास्टिक पट्टी चिकटवून उंची परत मिळवतात. घरगुती कामासाठी एवढा खर्च क्वचितच पटतो. चकजवळ थोडा झिजलेला लेथ आखूड कामं अगदी चांगली करतो.

आणि जो लेथ वाचतच नाही, त्याचाही उपयोग आहे. वर्षानुवर्षं मुरलेलं ओतीव लोखंड आकार बदलत नाही. बेडचा तुकडा घासून सरळ पट्टी होते, कॅरेजचा आडवा भाग ड्रिलखाली सरकता टेबल म्हणून बसतो, चक वेल्डिंगच्या फिरत्या मेजावर, टेलस्टॉक लाकडाच्या लेथवर, मोटार पट्ट्याच्या ग्राइंडरला. भंगारात घालण्यापूर्वी एवढे भाग काढून ठेवा.

पहिल्यांदा यंत्र सुरू कराल तेव्हा सगळ्यात कमी वेगावर, चकमध्ये जॉब न धरता, जबडे आत आवळून. किल्ली चकमधून काढली का ते बघा. फिरणाऱ्या चकमधून उडालेली किल्ली गोळीसारखी लागते. हातमोजे नको, सैल बाह्या नको, गळ्यात काही नको. हातमोजा यंत्रात अडकला की हातही ओढून नेतो. पंधरा मिनिटं चालवा आणि हेडस्टॉकच्या बेअरिंगपाशी तळहात ठेवा. कोमट असावं. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा तेल पोचत नाही. लगेच थांबवा.

महिनाभराने दोन कड्यांची चाचणी पुन्हा घ्या. काँक्रीट थोडं बसतं आणि पीळ परत येतो. त्याच वेळी हेडस्टॉकचं तेल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात तिरकं करून तळ बघा. काळी बारीक पूड आणि चिखल दिसला तर तो जुन्या वर्षांचा मळ आहे, नवीन तेल भरा आणि चालू द्या. पिवळी चमक दिसली तर कुठलं तरी पितळी बुश किंवा बेअरिंगचा पिंजरा झिजतो आहे, कोणत्या वेगावर आवाज बदलतो ते ऐकून ते शोधा. आणि चुंबकाला चिकटणारे टोकदार कण निघाले तर झाकण उघडून गिअरचे दात पुन्हा एकेक मोजा.